भाडं थकलं म्हणून घरमालक बाहेर काढू शकतो का? नव्वद दिवसांचा हिशोब नीट समजून घ्या

एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात मांडते. जुनी भाड्याची खोली आहे, पावती अजून सासऱ्यांच्या नावानेच येते, सासरे वारले. नवऱ्याची नोकरी गेली आणि पाच महिन्यांचं भाडं थकलं, महिना सहा हजार. घरमालकाने वकिलाची नोटीस पाठवली आणि तोंडी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत खाली करा नाहीतर कुलूप लावतो, पाणी बंद करतो. त्यांचे तीन प्रश्न आहेत: तो खरंच असं करू शकतो का, डिपॉझिटमधून भाडं वळतं होईल का, आणि कोर्टात गेलं तर आमचं काय होणार.

मी भाडेकरूंच्या आणि घरमालकांच्या, दोन्ही बाजूंच्या केसेस चालवते, महाराष्ट्रातच, त्यामुळे इथे जे सांगतेय ते महाराष्ट्राच्या कायद्याचं आहे. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. ताई, भाडं थकलं म्हणून लगेच घर जात नाही, घर जातं ते तारीख हुकल्यामुळे. थकबाकी भरून घर वाचवायला कायद्याने दोनदा संधी दिलीय आणि दोन्ही वेळा नव्वद दिवसांची, पण लोक पहिले नव्वद दिवस घाबरण्यात घालवतात आणि दुसरे नव्वद दिवस कुणीतरी सांगितलं म्हणून समन्स (कोर्टाचं बोलावणं) न घेण्यात.

पण त्याच्या आधी तुमच्या हातात कागद कुठला आहे ते बघा. भाडेकरू म्हणजे टेनंट वेगळा आणि लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी घेतलेला, वेगळा, बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो पण कायदा दोघांना एकसारखं संरक्षण देत नाही. तुमची खोली जुनी आहे, सासऱ्यांच्या नावाने भाडेपावत्या आहेत, म्हणजे तुम्ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ खालचे भाडेकरू. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या आधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भाला आणि मराठवाड्याला आपापले वेगळे कायदे होते, ते सगळे रद्द होऊन हा एक आला. हे सांगायचं कारण असं की वाड्यातली जुनी माणसं अजून "सहा महिने थकलं की गेलं" आणि "एक महिन्याची नोटीस असते" असं सांगतात. तो १९४७ च्या कायद्यातला नियम होता, आताच्या कायद्यात सहा महिन्यांची ती अट नाही आणि नोटिशीनंतरची मुदतही एक महिन्याची नाही, नव्वद दिवसांची आहे.

आता कलम १५. ताई, तुमची सगळी केस या एका कलमात आहे म्हणून सावकाश वाचा.

पहिलं वाक्य असं की भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आणि राजी आहे आणि बाकीच्या अटी पाळतोय तोपर्यंत घरमालकाला ताबा मागता येत नाही. यातलं "तयार आणि राजी" हे नुसतं तोंडी म्हणून चालत नाही, तयारी होती हे कागदावर दिसावं लागतं, त्याबद्दल खाली सांगते. दुसरं असं की भाडं थकल्याच्या कारणावर दावा लावायचा असेल तर आधी लेखी मागणी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर नव्वद दिवस संपेपर्यंत दावा लावताच येत नाही. म्हणजे नोटीस आली याचा अर्थ घर गेलं असा नाही, नोटीस आली म्हणजे घड्याळ सुरू झालं. या नव्वद दिवसांत मागितलेलं थकीत भाडं पूर्ण दिलंत की थकबाकीच्या कारणावर दावा लावायला त्याच्याकडे काही उरत नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. पाच महिन्यांचं मागितलंय आणि तुम्ही तीन महिन्यांचं दिलंत तर माणुसकी म्हणून तो थांबेल कदाचित, कायद्याने त्याला थांबावं लागणार नाही. आणि नोटिशीनंतर जे नवीन महिने चढतील तेही सोबत देत चला, नाहीतर मागचं फिटतं आणि पुढचं साचतं.

नोटीस हातात आली त्या दिवसाची तारीख पाकिटावर पेनाने लिहून ठेवा आणि ते पाकीट फेकू नका. अशिलं कागद आणतात आणि पाकीट कचऱ्यात गेलेलं असतं. नोटिशीवर असते ती वकिलाने लिहिल्याची तारीख, पोस्टाचा शिक्का आणि पोचल्याची तारीख वेगळी असते आणि नव्वद दिवस पोचल्यापासून मोजायचे. नोटीस पोस्टाने येऊ शकते, हातोहात देता येते, घरातल्या माणसाकडे देता येते, आणि ते जमलं नाही तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवताही येते, त्यामुळे पोस्टमनला परत पाठवून काही साधत नाही. उलट "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट सहसा ती मिळाली असंच धरून चालतं, आणि नोटिशीत काय लिहिलं होतं ते तुम्हाला कळलेलंच नसतं.

नोटिशीला उत्तर द्या, वकिलाकडून दिलं तर उत्तमच. आत काय काय मागितलंय ते नीट बघा, कारण भाड्याच्या नावाखाली कधी सोसायटीची वर्गणी, कधी रंगाचा खर्च, कधी आपल्या मनाने वाढवलेलं भाडं घातलेलं असतं. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ करता येते, शिवाय महापालिकेच्या करातली वाढ आणि दुरुस्ती वगैरेची काही अनुज्ञेय वाढ, बाकी आकडे हवेतून येत नाहीत. जे मान्य आहे ते मान्य म्हणा आणि ते पैसे द्या, जे मान्य नाही ते का नाही ते लिहा. सगळंच नाकारायचं आणि काहीच द्यायचं नाही, असं करू नका.

पहिली संधी हुकली, पैसे जमलेच नाहीत, नव्वद दिवस गेले आणि दावा दाखल झाला, तरी अजून सगळं संपलेलं नाही. कलम १५ च्या पोटकलम ३ मध्ये दुसरी संधी आहे. दाव्याचं समन्स तुमच्यावर बजावलं गेलं त्या तारखेपासून नव्वद दिवसांच्या आत तोपर्यंतचं सगळं थकीत भाडं, त्यावर वर्षाला पंधरा टक्के सरळव्याज, हे कोर्टात भरलंत, पुढे दावा निकाली निघेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात, तर थकबाकीच्या कारणावर कोर्टाला बेदखलीचा, म्हणजे घर खाली करायला लावणारा, हुकूमनामा देता येत नाही. देता येत नाही असे स्पष्ट शब्द आहेत, न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. पण उलट बाजूही तेवढीच कडक आहे, अट पाळली नाही तर "साहेब, नवऱ्याची नोकरी गेली होती" हे ऐकून कोर्टाला कितीही वाईट वाटलं तरी सवलत मिळेल या भरवशावर बसू नका.

हिशोब करून दाखवते, कारण पंधरा टक्के ऐकून लोकांच्या पोटात गोळा येतो. सहा हजारांवर वर्षाचं व्याज नऊशे, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर रुपये. समजा कोर्टात भरायच्या दिवसापर्यंत बारा महिने थकले, सगळ्यात जुन्या महिन्याला बारा महिने उशीर झालाय आणि शेवटच्याला एक. एक ते बारा बेरीज अठ्ठ्याहत्तर, गुणिले पंचाहत्तर, म्हणजे व्याज ५,८५० रुपये. मुद्दल ७२,०००. एकूण ७७,८५०. घर जाण्याच्या मानाने ही रक्कम उभी करता येण्यासारखी आहे, दागिना मोडून किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन का होईना लोक करतात. हा तक्ता महिन्यावार स्वतः कागदावर मांडा आणि वकिलाला द्या, वकिलाच्या ऑफिसात घाईत केलेल्या हिशोबात एखादा महिना सुटतो आणि मग समोरचा वकील नेमकं तेच पकडतो की पूर्ण रक्कम भरलीच नाही. माझा सल्ला असतो की शंका असेल तिथे थोडे जास्त भरा, जास्तीचे पुढच्या भाड्यात धरून घेता येतील पण कमी पडलेले मुदत संपल्यावर भरता येत नाहीत.

आणि हे काम एका दिवसात होत नाही. आधी वकीलपत्र दाखल करायचं, मग पैसे भरायची परवानगी मागणारा अर्ज, त्यावर हुकूम, मग चलन, मग नाझरकडे (कोर्टातले पैसे सांभाळणारा अधिकारी) किंवा कोर्ट सांगेल तिथे भरणा, पावती घ्यायची आणि भरल्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला तसं कळवणारा कागद, द्यायची. मध्ये कोर्टाला सुट्टी लागते, न्यायाधीश रजेवर असतात, क्लार्क म्हणतो उद्या या. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी पैसे घेऊन येणारी माणसं बघितली की माझ्याच पोटात धस्स होतं. पहिल्या महिन्यातच भरून मोकळे व्हा. आणि एकदा भरल्यावर हुश्श करून बसू नका, पुढचं दर महिन्याचं भाडं नियमित भरायचं हीसुद्धा अटच आहे, वर्षभर दावा चालला आणि मध्ये चार महिने विसरलात तर आधी भरलेलं संरक्षण त्याच्यासोबत जाऊ शकतं. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, काय वाटेल ते करा.

तीन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी असेल तर एक फसवा मुद्दा आहे. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांपलीकडच्या भाड्याची वसुली घरमालकाला दाव्यातून करता येत नाही, हे खरं. पण त्याचा अर्थ ते पैसे देणं लागतच नाही असा होत नाही, सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या भाडे कायद्याखालच्या एका केसमध्ये असंच म्हटलेलं आहे की मुदतबाह्य झालेलं भाडंसुद्धा देणं असतंच आणि बेदखली टाळायची तर तेही भरावं लागतं. वसुली टाळणं वेगळं आणि घर वाचवणं वेगळं. तुमचे पाचच महिने आहेत त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न नाही, पण पगडीच्या घरात दोन-तीनशे रुपये भाडं असतं आणि दहा-दहा वर्षं कुणी दिलेलं नसतं, त्यांनी हे वाचावं.

आता त्या कुलपाबद्दल. नाही, लावू शकत नाही. घरमालकाने कुलूप लावणं, सामान बाहेर टाकणं, दोन पोरं पाठवून दम देणं, यातलं काहीही कायदेशीर नाही, भाडं पाच महिन्यांचं थकलेलं असो की पाच वर्षांचं. घर खाली करून घ्यायचा रस्ता एकच आहे, दावा, हुकूमनामा, त्यानंतर दरखास्त म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, आणि मग कोर्टाचा बेलिफ ताब्याचं वॉरंट घेऊन येतो. बेलिफ सोडून दुसरं कुणीही दारात येऊन "खाली करा" म्हणालं तर त्याला कागद मागा. पोलीसही नाही. चौकीत बोलावून "एवढ्या तारखेला खोली सोडतो" असं लिहून घ्यायची सवय आपल्याकडे आहे, तसं लिहून देऊ नका, शांतपणे सांगा की हा दिवाणी वाद आहे आणि मी कोर्टात उत्तर देईन. घर खाली करायला लावायचा अधिकार पोलिसांना नाही, ते काम कोर्टाचं.

तरीही कुलूप लावलंच तर त्याच दिवशी ११२ ला फोन करा, कुलपाचे आणि बाहेर पडलेल्या सामानाचे फोटो काढा, शेजाऱ्यांची नावं लिहून ठेवा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ लक्षात ठेवा. तुमच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न येतच नाही, फक्त ताबा कुणाचा होता आणि तो कसा घेतला एवढंच बघतात. सहा महिने संपले की हा सोपा रस्ता बंद. अजून कुलूप लागलेलं नाही पण धमकी आहे, तर मनाई हुकमासाठी आधीच दावा करता येतो, त्यासाठी धमकीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवा, डिलीट करू नका.

पाण्यासाठी कलम २९ आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई ह्या अत्यावश्यक सेवा घरमालकाला पुरेसं आणि न्याय्य कारण नसताना तोडता येत नाहीत. तो म्हणेल भाडं थकलं हेच कारण, पण भाड्यासाठी कायद्याने त्याला दाव्याचा रस्ता दिलाय, नळ तोडणं हा वसुलीचा रस्ता नाही. कोर्टात अर्ज केला की सेवा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम हुकूमही मिळू शकतो, आणि न पाळणाऱ्याला दंड आहे. विजेचं तर असं की वीज कायदा २००३ प्रमाणे मालक नसलेला पण जागेत राहणारा माणूससुद्धा कनेक्शन मागू शकतो, त्यामुळे मीटर मालकाच्या नावावर आहे म्हणून अंधारात बसायची वेळ येतेच असं नाही.

डिपॉझिट. "त्यांच्याकडे आमचे पन्नास हजार पडलेत, त्यातून कापून घ्या की" हे मी रोज ऐकते. व्यवहार म्हणून बरोबर वाटतं पण तुमच्या करारात तसं लिहिलेलं नसेल आणि घरमालकाने लेखी मान्य केलं नसेल तर डिपॉझिटमधून भाडं आपोआप वळतं झालं असं गृहीत धरून चालू नका. मेसेज करून विचारा, त्याने "ठीक आहे, मार्च ते जुलै डिपॉझिटमधून घेतो" असं उत्तर दिलं तर तो मेसेज सोन्यासारखा जपा. उत्तर नाही दिलं तर भाडं वेगळं भरा आणि डिपॉझिटचा मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडा.

आता एक खेळ सांगते जो जुन्या घरांच्या बाबतीत सर्रास चालतो आणि ज्यात चांगली, दर महिन्याला भाडं देणारी माणसं अडकतात. घरमालक भाडं घेतच नाही. गेलं की म्हणतो नंतर या, मुलगा घरी नाही, पावतीपुस्तक संपलंय. वर्षभर असं चालतं, भाडेकरूला वाटतं बरंच झालं, आणि मग एक दिवस नोटीस येते की बारा महिन्यांचं भाडं थकलं. म्हणून दर महिन्याला, अगदी तो नको म्हणाला तरी, भाडं पाठवल्याचा पुरावा तयार करायचा. बँक खातं माहीत असेल तर ट्रान्सफर करा आणि रिमार्कमध्ये "जून २०२५ भाडे खोली क्र. अमुक" असं लिहा, नुसता अंगठ्याचा इमोजी टाकू नका. खातं माहीत नसेल तर चेक जोडून पोचपावतीसह पत्र पाठवा, परत आलं तर पाकीट न फोडता तसंच ठेवा. बंद पाकीट कोर्टात फोडलं जातं आणि आतून त्या महिन्याचा चेक निघतो, "तयार आणि राजी" होतो हे दाखवायला याच्यासारखा पुरावा नाही. रोख देत असाल तर पावती मागा, कलम ३१ प्रमाणे मिळालेल्या पैशाची लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे आणि न देणं हा दंडाचा विषय आहे. ओळखीचे आहेत, इतक्या वर्षांचे संबंध आहेत, पावती कशी मागायची असं वाटतं, पण ताई, संबंध दोन्ही बाजूंनी असतात, त्यांनी नोटीस पाठवताना ते आठवले नाहीत ना.

त्याहून वाईट खेळ म्हणजे "समझोता". घरमालक म्हणतो थकबाकी माफ करतो, फक्त एक नवीन अ‍ॅग्रीमेंट करू, अकरा महिन्यांचं, नंतर दरवर्षी रिन्यू करू. भाडेकरू खुशीत सही करतो. ते अ‍ॅग्रीमेंट असतं लिव्ह अँड लायसन्सचं, आणि त्या एका सहीने चाळीस वर्षांची भाडेदारी गेली असा वाद तुमच्या गळ्यात पडतो. कारण कलम २४ मध्ये असं आहे की लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. अकरा महिने संपले की घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करतो, मुदत संपली एवढं दिसलं की खाली करण्याचा हुकूम होतो, आणि मुदतीनंतर राहिलात तेवढ्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने. तिथे कलम १५ चे नव्वद दिवस नाहीत, तिथे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर घरमालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरतात. हुकमाविरुद्ध अपील नाही, नव्वद दिवसांत फेरतपासणी अर्ज एवढंच. जुन्या भाडेकरूने नवीन कुठलाही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, कोऱ्या स्टँपपेपरवर तर अजिबात नाही, ताबा पावतीवर (ताबा परत दिल्याचा कागद) तर मुळीच नाही.

जे पहिल्यापासूनच लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, म्हणजे शहरातले बहुतेक फ्लॅटवाले, त्यांच्यासाठी एवढंच की भाडं नियंत्रणाचं वरचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही, तुमचं बळ तुमच्या करारात आहे. किती महिने थकलं तर रद्द करता येतो, नोटीस किती दिवसांची, लॉक इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) किती, ते वाचा. पण तुम्हालाही घरमालकाने हाताला धरून काढायचं नाही, सक्षम प्राधिकारी त्याच्यासाठीच नेमलेला आहे. आणि करार नोंदवायची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे घरमालकाची आहे, नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

हा कायदा सगळीकडे लागू नाही हेही बघून घ्या, तो अनुसूचीत दिलेल्या शहरांना आणि भागांना आहे, आणि बँका, सरकारी उपक्रम, एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चालतो, महिन्याच्या भाडेदारीला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. तरी त्यातही कलम ११४ आहे, भाडं न दिल्यामुळे भाडेपट्टा गेला असेल तर सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च दिला तर कोर्ट माफी देऊ शकतं, हे मात्र कोर्टाच्या विवेकावर.

व्हॉट्सअ‍ॅपवर "नवीन कायदा आला, दोन महिने भाडं थकलं की घर खाली" असं फिरतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो कुणाला लागू होत नाही. घरमालकाचा एजंट तो फॉरवर्ड दाखवून घाबरवत असेल तर त्याला कलम १५ दाखवा.

सासऱ्यांच्या नावाची पावती ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस कायद्याने भाडेकरू ठरतो. तुमचं रेशनकार्ड, आधार, मुलांच्या शाळेचे दाखले, मतदार यादी, जे त्या पत्त्यावरचं आहे आणि सासरे असतानाचं आहे ते काढून ठेवा, मृत्यू दाखला जोडून पावती नवऱ्याच्या नावावर करून द्या असं लेखी पत्र द्या. नाही केली तरी पत्र तुमच्या फाइलला राहील.

कोर्टात काय होईल विचारलंत. मुंबईत लघुवाद न्यायालय, ज्याला सगळे स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात, जिथे तसं कोर्ट नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. समन्स आलं की घ्या. समन्स घेतलं नाही की केस चालत नाही हा समज इतका पक्का बसलाय की सांगता सोय नाही, आणि खरं तर उलटं होतं, दारावर चिकटवतात, एकतर्फी हुकूम होतो, आणि थेट बेलिफ दारात येतो तेव्हा कळतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज असतो पण त्यालाही तीस दिवसांची मुदत आहे आणि का आला नाहीत याचं खरं कारण द्यावं लागतं. लेखी कैफियत तीस दिवसांत द्यायची, कोर्ट फार तर नव्वदपर्यंत वाढवतं. आणि दाव्याची प्रत शेवटपर्यंत वाचा, कारण घरमालक नुसतं थकबाकीवर थांबत नाही, सोबत स्वतःची गरज, पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने घर बंद होतं अशी कलम १६ ची कारणं जोडतो. पैसे भरून फक्त थकबाकीचं कारण पडतं, बाकीच्या प्रत्येकाला वेगळं उत्तर आणि वेगळा पुरावा द्यावाच लागतो. निकाल विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील आणि त्यासोबत स्टेचा अर्ज, नुसतं अपील दाखल केलं म्हणून हुकूम थांबत नाही.

मध्येच कुणी कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीची तडजोड, करू म्हणालं तर वाईट नाही, पैसे खरंच जमणार नसतील तर वर्षभराची मुदत आणि थकबाकीत सूट घेऊन निघणं हे कित्येकदा शहाणपणाचं असतं आणि मी स्वतः तसा सल्ला देते. फक्त लक्षात ठेवा की ते कोर्टासमोर लिहून दिलेलं असतं, ठरलेल्या तारखेला खाली केलं नाही तर लगेच दरखास्त, आणि हमी दिलेली असेल तर कोर्टाचा अवमानही. लोकअदालतीत झालं तर त्यावर अपीलच नाही. तारीख टाकताना मुलांची परीक्षा, नवीन घराचं डिपॉझिट, सगळं धरून टाका.

वकिलाचे पैसे कुठून आणू हे तुम्ही विचारलं नाहीत पण प्रश्नात ते दिसतंच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना, दिव्यांगांनाही मिळतो. समन्समध्ये तुमचंही नाव प्रतिवादी म्हणून असेल, वारस म्हणून सगळ्यांनाच पक्षकार करतात, तर तुमच्या नावाने अर्ज करा. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. जाताना नोटीस पाकिटासकट, जितक्या सापडतील तितक्या जुन्या भाडेपावत्या, बँक पासबुक, डिपॉझिटचा कागद, सासऱ्यांचा मृत्यू दाखला आणि तुम्ही केलेला महिन्यावार हिशोब, एवढं घेऊन जा. नोटीस मिळून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते आजच मोजा.